याहाद–इन उनुमचा गावांचा नकाशा: एका निवृत्त तलाठ्याचा अभिप्राय

सेवा कोणती, ते आधी सांगतो. 'याहाद–इन उनुम' ही पॅरिसची संस्था. पात्रिक देबुआ नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ती २००४ साली सुरू केली. 'याहाद' म्हणजे हिब्रूत एकत्र, 'इन उनुम' हे त्याच अर्थाचं लॅटिन. दुसऱ्या महायुद्धात पूर्व युरोपातल्या गावागावांत ज्यूंना गोळ्या घालून जिथे पुरलं, त्या जागा ही माणसं शोधतात, गावात उरलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब घेतात आणि हाती लागेल ते एका नकाशावर मांडतात. नकाशा इंटरनेटवर आहे, पैसे पडत नाहीत. जानेवारीपासून मी तो जवळपास रोज उघडतो आहे.

मी रायगड जिल्ह्यात तीस वर्षं तलाठी होतो. सातबारा, फेरफार, पीकपाहणी, पंचनामे यांत नोकरी गेली. तेव्हा हा अभिप्राय इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही. गावाचं दप्तर सांभाळलेल्या माणसाचा आहे.

रेवदंड्याला आमच्या शेजारच्या वाडीत एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं ज्यू कुटुंब राहायचं. जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. त्या घरातला मुलगा आणि मी एका बाकावर शिकलो. १९६८ च्या सुमारास ते सगळे इस्रायलला गेले. त्या सोबत्याचा मुलगा तिकडेच जन्मला, पण घरात मराठी टिकली, म्हणून तो मला तात्या म्हणतो. यंदा जानेवारीत तो बायकोला घेऊन आला. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनबी या ज्यू प्रेषिताचा टापा, म्हणजे खडकावरची खूण आहे, तिथे मलिद्याचा नवस होता. पोहे, गूळ, खोबरं, फळं. मलिद्याचं ताट घेऊन ते आमच्या ओटीवर आले.

सूनबाईंचं माहेरचं घराणं युक्रेनमधलं, व्होलिन भागातलं. मी काय काम करायचो असं त्यांनी विचारलं. तलाठी म्हणजे काय हे नवऱ्याला हिब्रूत समजावून सांगायला बराच वेळ लागला. जमीन कोणाची, विहीर कोणाच्या हद्दीत, कोण मेलं, कोण वारस, कोण गाव सोडून गेलं, हे ज्याच्या वहीत असतं तो. ऐकून त्या गप्प बसल्या. मग पिशवीतून लॅपटॉप काढला, हा नकाशा उघडला आणि त्यांच्या आजीच्या गावावर बोट ठेवलं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. आजी १९४१ च्या जूनमध्ये भावाबरोबर पूर्वेकडे निघून गेली म्हणून वाचली. तिची आई आणि दोन बहिणी गावातच राहिल्या.

आपल्याकडे होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार म्हटलं की डोळ्यांपुढे आगगाडी येते, छावणी येते, ऑशविट्झ येतं. माझ्याही यायचं. पण २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि सैन्याच्या मागोमाग माणसं मारण्यासाठीच नेमलेल्या चार तुकड्या निघाल्या. त्यांना आइनझात्सग्रुपेन म्हणतात. या चार तुकड्यांत माणसं सुमारे ३,०००. त्यांच्या जोडीला जर्मन पोलिसांच्या पलटणी, एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाच्या तुकड्या, जागच्या जागी भरती केलेले मदतनीस, आणि दक्षिणेकडे रुमानियाचं सैन्य. या सगळ्यांनी मिळून १५ ते २० लाख ज्यूंना गोळ्या घातल्या. आगगाडी नाही, काटेरी तारांची छावणी नाही. माणसं आपल्या घरातून निघून पायी गेली, आमच्या घरापासून बंदर जेवढं लांब आहे तेवढंच अंतर. गाव बघत होतं.

आता नकाशाकडे वळतो.

मोठ्या पडद्यावर उघडा. मोबाईलवर ठिपके एकमेकांवर चढतात आणि माझ्यासारख्याच्या जाड बोटाला भलतंच गाव लागतं. ठिपक्यावर दाबलं की त्या गावाचं पान उघडतं. वर एक छोटा तक्ता: मारण्याच्या जागा किती, ती जागा पूर्वी कशाची होती, स्मारक आहे की नाही, गाव ताब्यात कधीपासून कधीपर्यंत होतं, बळी किती. त्याखाली साक्षीदाराचा जबाब, प्रश्न आणि उत्तर अशा रूपात. मग सोव्हिएत किंवा जर्मन दप्तरातला उतारा. मग गावाची माहिती, ज्यू तिथे कधीपासून होते, कोणते धंदे करायचे. आणि तळाशी 'जवळची गावं'.

'ती जागा पूर्वी कशाची होती' हा रकाना पाहिला आणि मी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचत नाही, गावच्या माणसाला सुचतो. कुठलाही पंचनामा जागेपासून सुरू होतो. अमक्याच्या बांधापासून इतक्या पावलांवर, पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं खाजण. या नकाशावर त्या रकान्यात जंगल येतं, दरी येते, वीटभट्टीचे खड्डे येतात, वाळूची खाण येते, रणगाडे अडवायला खणलेले खंदक येतात, आणि पुष्कळदा ज्यूंची स्वतःची दफनभूमी येते. म्हणजे जी जमीन गावाने मिळून वापरली, जिथली माती घरं लिंपायला नेली, तीच.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या तेव्हा जादा कामाला मलाही तिकडे पाठवलं होतं. एका वाडीत घर दिसतच नव्हतं, नुसता लाल चिखल. एक म्हातारी उभी होती. ती हाताने दाखवत गेली: इथे आमची चूल, इथे गोठा, इथे सून झोपली होती. आम्ही नकाशा घेऊन गेलो होतो, पण नकाशा त्या बाईकडे होता. ते निसर्गाने केलं, हे माणसांनी केलं. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. एवढंच सांगतो की जमिनीखाली काय आहे ते गावाला माहीत असतं, आणि विचारायला कोणी आलं नाही तर ते म्हाताऱ्यांबरोबरच जातं.

देबुआंचं सगळं काम याच भरवशावर उभं आहे. त्यांचे आजोबा क्लॉदियुस फ्रेंच सैनिक. कैदी म्हणून जर्मनांनी त्यांना युक्रेनमधल्या रावा-रुस्का इथल्या छावणीत ठेवलं होतं. छावणीत हाल होतेच, पण बाहेरच्या लोकांचे त्याहून जास्त, एवढंच ते नातवाला सांगत आणि पुढे बोलत नसत. बाहेरचे लोक म्हणजे कोण, हे नातवाला मोठेपणी कळलं. २००२ साली ते रावा-रुस्काला गेले आणि ज्यूंना कुठे पुरलं असं विचारू लागले. पहिल्यांदा कोणी काही बोलेना. पुढच्या खेपांत गावच्या पुढाऱ्याने म्हातारी माणसं गोळा केली आणि त्यांना जंगलातल्या त्या जागी नेलं. त्यानंतर गावोगाव हजारो जबाब झाले. जबाब देणारे त्या वेळी आठ-दहा-पंधरा वर्षांची पोरं होती. गाई राखणारी, झाडावर चढून बसलेली, खिडकीच्या फटीतून पाहणारी. साठ वर्षं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

जबाबाबरोबर पुरावाही लागतो. म्हणून ही माणसं त्या जागी धातू शोधायचं यंत्र फिरवतात आणि काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करतात. हाडांना हात लावत नाहीत. ज्यू धर्माप्रमाणे पुरलेल्या माणसाला हलवायचं नसतं, ते पाळतात. मला हे फार योग्य वाटलं. जागा नक्की करायची, हद्द कळली पाहिजे, आणि आतल्या माणसांना उठवायचं नाही.

जबाब वाचताना एक शब्द वारंवार येतो. फोनमधल्या भाषांतराने मला त्याचं 'मागणीपत्र' असं मराठी करून दिलं. चार जबाब वाचल्यावर अर्थ उलगडला. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. सकाळी गावच्या मुख्याचा माणूस दारात येतो: फावडं घेऊन चल. गाडी जुंपून चल. खड्डे खणायला गावकरी, माणसं वाहायला गावच्या गाड्या, खड्डा बुजवायला गावची पोरं. गोळ्या घालणाऱ्यांचा स्वयंपाक करायला बायका. मेलेल्यांचे कपडे शिवून-सांधून ठेवायला मुली. एका थरावर दुसरा थर बसावा म्हणून प्रेतांवरून चालायला लावलेल्या मुलींचेही जबाब आहेत. आणि खड्डा बुजवल्यावर तीन दिवस माती हलत होती, हे वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी सांगितलं आहे. सगळेच गोळीने मेले नव्हते.

हे मी एका दुपारी वाचलं. वाडीत पोफळीला पाणी सोडलं होतं. पाट भरून वाहू लागला तरी मी उठलो नाही.

तलाठी म्हणून सर्वांत जास्त टोचलं ते पुढे. घरं कोणती ते मारेकऱ्यांना कसं कळलं? परका शिपाई गावात येतो, त्याला भाषा येत नाही, अमुक घर ज्यूचं आणि तमुक नाही हे तो कसं ओळखणार? ज्यूंनी नावं नोंदवावीत असे हुकूम सुटले, याद्या झाल्या. गावच्या कचेरीत टेबलामागे बसून ती यादी सुवाच्य अक्षरात करणारा कोणीतरी होता. नाव, वय, धंदा, घर. मी आयुष्यभर अशाच याद्या केल्या, रेशनसाठी, मतदानासाठी, पूरग्रस्तांसाठी. वरून आलेला तक्ता भरून वर पाठवायचा. कशासाठी हवा आहे असं मी किती वेळा विचारलं? फार थोडे वेळा. इथे मला पुढे वाचवेना, दोन दिवस नकाशा बंद ठेवला.

नंतर पाहिला तो येगरचा अहवाल. कार्ल येगर हा लिथुआनियातल्या एका तुकडीचा प्रमुख. १ डिसेंबर १९४१ ला त्याने वरिष्ठांना हिशेब धाडला. तारीख, गाव, पुरुष, बायका, मुलं, बेरीज. २७ सप्टेंबरच्या नोंदीत एइशिश्केस गाव आहे: पुरुष ९८९, बायका १,६३६, मुलं ८२१, एकूण ३,४४६. मी कागदावर बेरीज करून पाहिली. बरोबर आहे. पान संपलं की मागील पानावरून पुढे आणलेला आकडा. आमच्या वसुलीच्या वहीत असतो तसाच. शेवटची बेरीज १,३७,३४६. त्यात शहरंही आहेत, पण ओळीमागून ओळ लहान गावांची आहे, आपल्या रोह्या-मुरूडएवढी किंवा त्याहून लहान. युद्धानंतर येगर बरीच वर्षं मोकळा राहिला, १९५९ मध्ये पकडला गेला आणि खटला उभा राहण्याआधीच कोठडीत त्याने जीव दिला.

येगरचा तक्ता आणि या नकाशावरचं गावाचं पान शेजारी ठेवून वाचा, मग कळेल मी ही सेवा इतकी मोलाची का म्हणतो. तक्त्यात मुलं ८२१ हा एक आकडा आहे. नकाशावरच्या जबाबांत मात्र शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण आहे, तिची वेणी आहे, ती जाताना कोणत्या बाजूने चालत होती ते आहे. एइशिश्केसपुरतं हे काम वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयातही झालं आहे. याफा एलियाख या त्याच गावच्या, लहानपणी वाचलेल्या बाईंनी जगभर फिरून गावकऱ्यांचे फोटो जमवले. तिथे तीन मजले उंच मनोरा आहे, भिंतभर नुसते फोटो: लग्नातले, शाळेतले, नदीवर सहलीला गेलेले. मी ते फक्त पडद्यावर पाहिलं आहे.

पाहणाऱ्यांपैकी त्याच वेळी लिहून ठेवणारेही होते, पण विरळा. विल्नाजवळ, म्हणजे लिथुआनियातल्या आजच्या विल्निअसजवळ, पोनारीच्या जंगलात सोव्हिएतांनी इंधनाच्या टाक्यांसाठी मोठे खड्डे खणून ठेवले होते. जर्मनांनी आणि त्यांच्या लिथुआनियन मदतनिसांनी तिथे सुमारे ७०,००० ज्यू मारले. काझिमेझ साकोविच हा पोलिश पत्रकार तिथेच राहायचा. घरातून दिसेल ते तो चिठोऱ्यांवर लिहायचा: तारीख, हवा, किती लोक आणले, गोळ्या किती वाजेपर्यंत चालल्या, कपड्यांचा बाजार कसा भरला. चिठोऱ्या लेमोनेडच्या बाटल्यांत घालून बागेत पुरायचा. १९४४ मध्ये तो मारला गेला, बाटल्या नंतर सापडल्या. कुठलाही भावनेचा शब्द न घालता लिहिलेलं ते रोजचं टिपण म्हणजे मी पाहिलेला सर्वांत नेक पंचनामा आहे. त्याला कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता.

उणिवाही सांगायला हव्यात, कारण माणसं मराठी वाचून मग तिकडे जातील.

मराठी नाही. हिंदीही नाही. इंग्रजी सोपं आहे, लहान वाक्यं आहेत, जुन्या मॅट्रिकच्या बळावर आणि शब्दकोश घेऊन मी वाचतो, पण वेळ लागतो. फोनच्या भाषांतरावर विसंबू नका. वरचं वेठीचं उदाहरण दिलंच आहे, आणि जबाबात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर खणणारा आणि मारणारा एकच वाटू लागतो. साक्षीदारांची पूर्ण नावं मिळत नाहीत, पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच. सुरुवातीला मला हे अर्धवट वाटलं, आमच्याकडे असा पंच चालला नसता. नंतर पटलं. ती बाई अजून त्याच गावात राहते, शेजारीही तेच आहेत.

आकडे जुळत नाहीत हे पाहून गोंधळू नका. साक्षीदार एक सांगतो, सोव्हिएत आयोगाच्या कागदात दुसरं असतं. हा आयोग २ नोव्हेंबर १९४२ ला नेमला गेला आणि मुक्त झालेल्या गावांत जाऊन त्याने चौकशा केल्या. दोन्ही आकडे पानावर तसेच ठेवले आहेत, कोणी रंगसफेदी करून एक केलेले नाहीत. दहा वर्षांच्या पोराला गर्दी किती दिसते आणि खड्डा उकरून मोजणाऱ्याला किती दिसते, यात फरक पडणारच. शिवाय १९४२ पासून जर्मनांनी पाउल ब्लोबेल या अधिकाऱ्याला नेमून अनेक जागची प्रेतं उकरून जाळली. पुरावा नष्ट करण्यासाठी. कीव्ह शहरातल्या बाबी यार या दरीतही हेच केलं, जिथे २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारल्याची नोंद त्यांच्याच अहवालात आहे. ब्लोबेलला १९५१ मध्ये फाशी झाली.

आणखी एक. नकाशावर जिथे ठिपका नाही तिथे काही घडलं नाही असं समजू नका. ठिपका म्हणजे तिथवर माणूस पोचला, एवढाच अर्थ.

लहान मुलांच्या हाती एकटं देऊ नका. नववी-दहावीच्या शिक्षकांनी मात्र आधी स्वतः चार-पाच गावं वाचावीत आणि मग एकच गाव वर्गात न्यावं. एकच. दहा गावं नेली की पोरं आकडे पाठ करतील. रात्री निजायच्या आधी वाचू नका, हे मी अनुभवाने सांगतो.

'स्मारक आहे की नाही' या रकान्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तलाठ्याला नोंदीची दुरुस्ती हा विषय जवळचा. सोव्हिएत काळात जे दगड बसवले त्यांवर बहुतेक ठिकाणी 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' असं लिहिलं. ज्यू हा शब्दच नाही. म्हणजे दगड आहे, जागा बरोबर आहे, आणि मेलेल्याचं खरं नाव गाळलेलं. पोलंडमधल्या येद्वाबनेचं उदाहरण याहून कठीण. १० जुलै १९४१ ला तिथल्या ज्यूंना खळ्यावरच्या कोठारात कोंडून जाळलं. नंतर बसवलेल्या दगडावर लिहिलं की गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलिस, आणि हिटलरच्या पोलिसांनी १,६०० जणांना मारलं. पण मारणारे शेजारी होते, पोलिश गावकरी, जर्मनांच्या चिथावणीने. २००१ मध्ये तो दगड काढला, पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथे जाऊन माफी मागितली, आणि सरकारी चौकशीत निष्पन्न झालं की बळी किमान ३४० होते आणि हात गावकऱ्यांचे होते. साठ वर्षांनी नोंद दुरुस्त झाली. माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे की फेरफार रद्द करणं नवीन फेरफार घालण्याच्या दसपट अवघड, कारण तोवर त्या चुकीच्या नोंदीवर दोन पिढ्या घर बांधून राहिलेल्या असतात.

आमच्या शनवार तेल्यांच्या वाडीचा फेरफार मी स्वतः पाहिलेला आहे. माझ्या आधीच्या तलाठ्याच्या हातचा. नोंदणीकृत खरेदीखताने वाडी विकली, किंमत मिळाली, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. माझ्या सोबत्याचे आजोबा विकून, हिशेब चुकते करून, घरोघर निरोप घेऊन गेले. आम्ही मुलं अलिबागच्या गाडीपर्यंत पोचवायला गेलो होतो. आजही तालुक्यात किहीमकर, पेणकर, झिराडकर, रोहेकर म्हटलं की आधी गाव आठवतं आणि मग कळतं की घर बेने इस्रायल आहे. अलिबागला इस्राएल आळी आहे, त्यात सिनेगॉग आहे. नवगावला समुद्राकाठी त्यांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे, गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं ते सांगतात, तिथली. माणसं गेली तरी नावं आमच्या गावांवर राहिली. व्होलिनमध्ये उलटं झालं. तिथल्या माणसांना कोणी निरोप दिला नाही, कोणी सही घेतली नाही, आणि घरात दुसऱ्या आठवड्यात दुसरे लोक राहायला आले. कपडेलत्ते लिलावात गेले. हे जबाबांत आहे, आणि घेणाऱ्यांच्याच मुलांनी सांगितलं आहे.

त्या दोघांना मी त्यांच्या पणजोबांच्या थडग्यापाशीही घेऊन गेलो. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. नवरा मराठी ओळ वाचत होता, बायको हिब्रू. एक अक्षर झिजलं होतं, ते दोघांनी बोट फिरवून लावलं. परत येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, आमच्या गावच्या पानावर 'स्मारक: नाही' असं आहे.

त्याच रात्री मी जुनं कोरं रजिस्टर काढून रेघा मारल्या. गाव, जिल्हा, तारीख, जागा पूर्वी कशाची, पुरावा, साक्षीदार, स्मारक, शेरा. नकाशा असताना वहीची गरज काय असं सूनबाईंनी, म्हणजे आमच्या, विचारलं. वीज गेली की नकाशा जातो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती किती जाते ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय हाताने लिहिल्याशिवाय माझ्या लक्षात काही राहत नाही. पहिली नोंद त्या व्होलिनच्या गावाची. मग तळाशी 'जवळची गावं' दिसली. पहिलं उघडलं, लिहिलं, त्याच्या तळाशी आणखी गावं. कुठल्याही नकाशात शेजारचं गाव असतंच, पण इथे प्रत्येक शेजारी गावाला तेच पान आहे. एक शिव ओलांडली की तेच, दुसरी ओलांडली की तेच. आजवर माझ्या वहीत ११२ गावं झाली आणि मी अजून एका जिल्ह्याच्या बाहेर नीट पडलेलो नाही.

ती दोघं निघायच्या दिवशी निरोपाला आली तेव्हा मी रजिस्टर दाखवलं. बाईंनी आपल्या गावाची ओळ ओळखली, ठिपक्याच्या खुणेवरून. शेऱ्याचा रकाना कशासाठी असं विचारलं. मी सांगितलं, जे बाकीच्या रकान्यांत बसत नाही पण अधिकाऱ्याला लिहिणं भाग वाटतं, ते तिथे. त्यांनी पेन मागितलं आणि तीन नावं लिहिली, हिब्रूत, उजवीकडून डावीकडे. पणजी आणि तिच्या दोन मुली.

सवयीने मी वयं विचारली. पणजीचं ठाऊक होतं, छत्तीस. थोरलीचं अकरा. धाकटीचं आजीला आठवत नव्हतं आणि आता विचारायला कोणी नाही. तेवढी जागा मी कोरी सोडली आहे.